मारव्यातली बंदिश

४ जानेवारी २०२४, सांगली

साताऱ्याहून फोन. अठ्ठावीस तारखेला माझा सत्कार! निमंत्रणावर ‘नव्या बंदिशींचे रचनाकार आणि गुरू’ असं छापणार. माझ्या शिष्येनं, समीक्षानं, माझी मारव्यातली बंदिश गायचीच, असा आयोजकांचा आग्रह. ‘सर, ती तर तुमची ओळखच आहे,’ समीक्षा म्हणाली.

जेवण गेलं नाही.

९ जानेवारी

माझ्या जुन्या गुरुबंधूला, आकारामला, अर्धांगवायूचा झटका. वाचा गेलीय. कडेगावहून त्याच्या बायकोचा, राहीबाईंचा, निरोप. जायला हवं.

१० जानेवारी

गेलो नाही.

११ जानेवारी

लिहूनच टाकतो. ती बंदिश माझी नाही. आकारामची आहे.

आम्ही दोघं एकाच गुरुजींकडे शिकायचो. त्याचा गळा माझ्याहून मोकळा, सूर माझ्याहून खरा. शहाऐंशी साली फौजेत गेला — बाप फौजी, थोरला भाऊ फौजी, त्याला कुणी विचारलंच नाही. जायच्या आदल्या संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर त्यानं ती मला शिकवली. चाल त्याची, शब्द त्याचे. ‘भरत्या, तिकडं बर्फात कोण ऐकणार रं? तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे.’

दोन वर्षांनी पुण्यात मी ती गायलो. एका जाणत्यानं विचारलं, ‘स्वतःची का?’ मी नुसता हसलो. बस्स, तेवढंच! त्या हसण्यावर सगळं उभं राहिलं — रेडिओ, क्लास, शिष्य, नाव. नंतर मीही पुष्कळ बंदिशी बांधल्या. त्या कुणी मागून घेत नाही.

१४ जानेवारी

कडेगावला जाऊन आलो. आकाराम खाटेवर. उजवं अंग निर्जीव. राहीबाई म्हणाल्या, ‘रेडिओवर तुमचं गाणं लागलं की हातातलं काम टाकून ऐकायचे बघा.’ आकारामनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. सोडेचना.

बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात सून चहा घेऊन आली. राहून गेलं.

नाही. सून आली म्हणून नव्हे. भ्यालो.

१९ जानेवारी

आकाराम गेला.

२८ जानेवारी, सातारा

समीक्षा फार सुरेख गायली. मग माझ्या हातात माईक आला. म्हणालो, ‘ही रचना आकाराम मोहिते यांची आहे. मी चोरली.’ शाल परत दिली. कुणी थांबवलं नाही.

परतताना कराड मागे पडलं. समीक्षा खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘आता तुमचं म्हणून शिकवलेलं कुठलं खरं मानू, सर?’

३० जानेवारी

राहीबाईंचा फोन. मी म्हणालो, ‘वहिनी, माझं चुकलं. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं.’

‘आवं, मला लग्नापासनं ठावं हाय. “भरत्या एक दिस येईल, आपणहून सांगंल,” म्हणायचे. शेवटपातुर वाट बघितली त्यांनी.’