टेप काढून देत जा

बुधवार, ४ मार्च. सकाळ.
आजपासून घरातला कागद-पुठ्ठा शिस्तीत द्यायचा. निव्वळ पर्यावरणासाठी. बुधवारी पुठ्ठ्याची गाडी येते तेव्हा वरच्या मजल्यावरच्या बाईही खाली येतात, हा केवळ योगायोग. आज म्हणाल्या, अहो, खोक्यावरची टेप काढून देत जा, नाहीतर पुठ्ठा वाया जातो. कितीतरी दिवसांत माझ्याशी समोरासमोर कोणी बोललेलं हे पहिलंच वाक्य. मुद्दा एकदम पटला.

बुधवार, ११ मार्च.
टेप मुद्दामच थोडी ठेवली. त्यांचं लक्ष असतं का, ते बघायचं होतं. असतं! चांगल्या रागावल्या. टेप नखाने कशी उचलायची तेही करून दाखवलं. फार छान बुधवार.

शनिवार, १४ मार्च.
अडचण. पुठ्ठा संपला. एकट्या माणसाचा कचरा तो असून असून किती असणार? ऑनलाइन एक खोडरबर मागवलं. मिक्सर मावेल एवढ्या खोक्यात आलं. किती ही नासाडी! आणखी खोडरबरं मागवली. वेगवेगळ्या ऑर्डरी टाकून.

सोमवार, १६ मार्च.
व्हिडिओ कॉलवर मुलीला मागचा ढीग दिसला. बाबा, घर बदलताय का, म्हणाली. म्हटलं, पर्यावरण. ती म्हणाली, मीटिंग आहे, नंतर बोलू. कामाची पोर.

बुधवार, १८ मार्च.
ठराव: बाईंना आज चहाला बोलवायचंच. दोन कप धुऊन ठेवले. खाली गेल्यावर तोंडातून एवढंच निघालं, की पुठ्ठा ओला नाही ना चालत? नाही, म्हणाल्या. प्रगती आहे. घाई नको.

रविवार, २२ मार्च.
बेल वाजली. दारात त्या! तुमच्याकडे खोके पुष्कळ असतात ना, म्हणाल्या. छाती फुगली. हवे तेवढे न्या, म्हटलं. मुलाकडे कायमच्या राहायला चालल्यात. खोके मीच वर नेले, भरू लागलो, टेपही मीच लावली. सहज निघू नये अशी, दोन-दोन पदरी. त्यांचे कप बांधून झाले होते, म्हणून चहा स्टीलच्या पेल्यांत. म्हणजे चहा झालाच. ठराव पार पडला. घरी आल्यावर जेवावंसं वाटलं नाही. दमणूक.

बुधवार, २५ मार्च.
एकच खोका उरला होता. टेपसकट घेऊन खाली उभा राहिलो. गाडीवाल्याने उचलून आत टाकला. टेप राहिली आहे, शेवटी मीच सांगितलं. तो म्हणाला, चालतं.