इस्त्री न केलेला निरोप

प्रिय मिरे,

मावशीकडे फोन आहे, तुझ्याकडेही आहे, आणि तरी हा माणूस पत्र लिहीत बसलाय, म्हणून तू हसशील. हसलीस तर बरंच. गेल्या आठवड्यात फोनवर तू विचारलंस, घरी काय चाललंय, आणि मी म्हणालो, सगळं ठीक आहे. तू "झाली इस्त्री" म्हणालीस आणि फोन ठेवलास. मी लाँड्रीच्या मागच्या दारात फोन कानाला लावून तसाच उभा राहिलो. आतून मालकांनी विचारलं, कपडे वाळतायत की तू वाळतोयस. फोनवर माझ्या तोंडून 'ठीक आहे' आपोआप बाहेर पडतं, मी काय करू? लिहिताना निदान हात आवरता येतो, म्हणून हे पत्र. मावशीने आधी फोडून वाचलं तर वाचू दे. मावशी, वाचत असलीस तर नमस्कार, आता हे मुकाट्याने मिरीच्या हातात दे.

तुझा खोकला गेला का? तिथे पंखा थेट अंगावर येतो असं मावशी म्हणाली होती. पलंग भिंतीकडे सरकवून घे. हे आधी लिहून टाकतो, नाहीतर पुढच्या सगळ्यात राहून जाईल.

तू गेल्यावर आम्ही समुपदेशनाला जाणं बंद केलं असेल असं तुला वाटत असेल. बाबांनी तसंच ठरवलं होतं. तुला आठवतं ना, पहिल्या दिवशी ते समुपदेशक बाईंना काय म्हणाले? हिला काय विचारायचं ते विचारा, आम्ही बाहेर बसतो. टीव्ही दुरुस्तीला टाकून दुकानाबाहेर चहा प्यायला निघावं तसे ते उठलेही होते. बाईंनी त्यांना परत बसवलं. तू दप्तर मांडीवर घेऊन, आमच्याकडे पाठ करून बसलीस आणि पूर्ण वेळ खुर्चीच्या हातावरचं रेक्झिन नखाने उकरत राहिलीस. आतला स्पंज दिसायला लागला होता. मला सारखं वाटत होतं, आता बाई भरपाई मागणार. त्यांनी कधी काही म्हटलं नाही. ती खुर्ची अजून तशीच आहे. मी एकदा विचारलं, मी घरून सुई-दोरा आणून शिवून देऊ का. बाई म्हणाल्या, जिची खुर्ची तिला विचारू.

तर, तू मावशीकडे राहायला गेलीस तेव्हा बाबा म्हणाले, जिचं दुखणं ती तर गेली, आता आपण तिघांनी जाऊन काय करायचं? पण बाईंनी फोन करून सांगितलं, तिघे या. दर शनिवारी जातो. पहिल्या शनिवारी मात्र बोलायला कुणाकडे काहीच नव्हतं. तू असताना निदान तू होतीस. तुझी शाळा, तुझे कापलेले केस, तुझं दार आपटणं. आई तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती आणि बाबा टेबलावरच्या डब्यातले कागदी रुमाल एकेक काढून चष्मा पुसत होते. मग आई माझ्याकडे वळून म्हणाली, "त्यांना सांग, पंखा जरा कमी करा. डोकं दुखतं त्याने, पण कुणाला पर्वा आहे." बाबा तिच्या शेजारीच बसले होते. मध्ये एक उशीही मावली नसती. मी म्हणालो, बाबा, पंखा थोडा कमी करूया का?

बाईंनी पेन खाली ठेवलं. मला विचारलं, आई हेच म्हणाली का? मी म्हणालो, हो, हेच. त्यांनी आईला पुन्हा म्हणायला लावलं, मग मला पुन्हा म्हणायला लावलं. मिरे, माझे कान तापले. मी काही गाळलंय हे मला खरंच कळलं नव्हतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत शर्ट इस्त्री करणाऱ्याला हात कुठे फिरतोय ते बघावं लागत नाही. आधी कॉलर, मग कफ, मग बाह्या, पाठ शेवटी. डोकं भलतीकडे असलं तरी शर्ट सपाट होतो. तसंच ते.

बाईंनी विचारलं, घरात हे काम नेहमी याच्याकडे असतं का? आई म्हणाली, कसलं काम? पण मला कळलं होतं. स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यामधलं ते दार आठव. आई ओट्यापाशी, बाबा खुर्चीत, आणि मी उंबऱ्यावर. आई म्हणायची, सांग त्यांना, घर म्हणजे लॉज नाही. मी बाबांना जाऊन विचारायचो, बाबा, आज कधीपर्यंत याल? बाबा म्हणायचे, सांग तिला, माझी वाट बघायला मी सांगितलं नव्हतं. मी आईला म्हणायचो, उशीर होईल, तू जेवून घे. आईला वाटायचं, माणूस तोंडाने कडू पण काळजी करतो. बाबांना वाटायचं, बायको रागावते पण विचारते. अशी किती वर्षं गेली मला माहीत नाही. शाळेत मी पुढे सरकलो नाही, पण या एका विषयात पहिला होतो.

मग मी दहावी सोडली, लाँड्रीत लागलो आणि रात्री उशिरा घरी यायला लागलो. उंबऱ्यावर तू आलीस. आणि तू निरोप जसाच्या तसा पोचवायचीस, शब्द तेच, वर आवाजही तोच. लॉजवाला निरोप तू कमरेवर हात ठेवून सांगितलास तेव्हा बाबांच्या हातातला पेपर खाली पडला होता, ते मी घरी आल्यावर आईनेच मला सांगितलं, आणि सांगताना ती हसत नव्हती. त्यानंतर घरात आग लागल्यासारखं झालं. दोघंही म्हणायला लागले, पोरगी कळ लावते, जीभ लांब झाली हिची. मग शाळेतून चिठ्ठ्या, मग शाळाच बुडवणं. मीही तेच म्हणायचो, मिरी अशी का वागते? आधी तर घर चांगलं चाललं होतं. हे सगळं मी त्या खोलीत बसून पहिल्यांदा एकामागून एक लावून पाहिलं. बाई काही समजावून देत नव्हत्या. नुसतं विचारत होत्या, मग? त्याच्या आधी? तेव्हा कोण कुठे होतं?

आता जे लिहायचं आहे त्यासाठी मी मघाशी उठून पाणी पिऊन आलो. ज्या दुपारी तू दप्तर घेऊन निघून गेलीस आणि मला स्टँडवर सापडलीस, त्या दुपारबद्दल तुला सगळ्यांनी विचारून झालं. मी, मावशी, शाळेतल्या मॅडम, बाई. तू एकालाही उत्तर दिलं नाहीस. बाबा म्हणाले, काही कारणच नाही, डोकं फिरलंय. गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी बाईंनी तुझं नाव न काढता त्या दोघांना विचारलं, त्या दुपारी तुम्ही एकमेकांना काय निरोप दिले होते? आई म्हणाली, मी मिरीला म्हटलं होतं, सांग त्यांना, असंच चालणार असेल तर मी निघून जाते. बाईंनी विचारलं, उत्तर काय आलं? आई म्हणाली, उत्तर आलंच नाही, पोरगीच निघून गेली ना. तेव्हा बाबांनी चष्मा काढून हातात धरला आणि कुणाकडे न बघता म्हणाले,

"मी तिला सांगितलं होतं, आईला म्हणावं, जा."

मिरे, आईने हे पहिल्यांदा ऐकलं. एवढे महिने एका घरात राहून. तू सगळं जसंच्या तसं पोचवणारी, तुझी मान तुटेपर्यंत पोचवणारी, पण हा एक निरोप घेऊन तू उंबऱ्यावर उभी राहिलीस आणि तो आत नेला नाहीस. आईने जायच्या ऐवजी तूच गेलीस. मला स्टँडवर सापडलीस तेव्हा तू एवढंच विचारलं होतंस, आई घरी आहे ना? मला वाटलं, आई मारेल म्हणून विचारतेस. मी म्हणालो, आहे, पण रागावलेली नाही. बघ, तिथेही इस्त्रीच.

त्यानंतर घर सुधारलं असं लिहायला मला आवडलं असतं. नाही सुधारलं. बाईंनी एकच नियम घातलाय, कुणी कुणाचा निरोप न्यायचा नाही, ज्याचं त्याने बोलायचं. पहिल्या आठवड्यात कुणी बोललंच नाही. दूध उतू गेलं, कारण बाबा ते बघत होते पण सांगायला मध्ये कुणी नव्हतं. एका सकाळी बाबा न्हाणीघरातून ओरडले, टॉवेल! आई ओट्यापासून म्हणाली, टॉवेलला हाक मारताय की कुणा माणसाला? मग बाबांनी तिला नावाने हाक मारली. मी बाबांच्या तोंडून आईचं नाव लग्नपत्रिका वाचतानासुद्धा ऐकलं नव्हतं. मी आणि आई दोघंही दचकलो. टॉवेल तिने दाराच्या कडीला टांगला आणि लगेच परत आली.

पण आता ते भांडतात. आधी भांडण माझ्यातून आणि तुझ्यातून जायचं, आता थेट जातं. जुन्या गोष्टी निघतात, मला माहीतही नसलेल्या. परवा आईने बाबांना तोंडावर सांगितलं की ती खरंच वेगळं राहायचा विचार करते आहे. बाबा म्हणाले, ठरव, पण मला सांगून ठरव. मी तेव्हा मोरीत एकच ताट पुन्हा पुन्हा घासत होतो. मिरे, जीभ शिवशिवते, मध्ये पडून दोघांचंही थोडं गुळगुळीत करून द्यावंसं वाटतं. मी बाईंना एकटं गाठून विचारलं, हे नीट होईल ना? मला वाटलं, शिकलेल्या आहेत, हो म्हणतील. त्या म्हणाल्या, माहीत नाही. मग म्हणाल्या, पण जे होईल ते आता त्या दोघांमध्ये होईल. हे ऐकून मला धीर यायला हवा होता की अजून भीती वाटायला हवी होती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. काल मात्र नळावरून कडाक्याचं भांडण झाल्यावर बाबा स्वयंपाकघरातून बाहेर आले नाहीत. तिथेच उभे होते. आई म्हणाली, उभे काय राहिलात, बसा. ते पाटावर बसले. पुढे दोघं काय बोलले मला ऐकू आलं नाही, आणि मी दाराशी गेलो नाही.

आता तुझं. बाबा एक वसतिगृह बघून आले आहेत. ते वाईट नाही म्हणतात, शाळा आवारातच आहे. आईला ते पटलेलं नाही, पण मावशीकडे तू किती दिवस राहणार, हेही तिला कळत नाही. येत्या शनिवारी ते ठरवायचं म्हणत होते. बाई म्हणाल्या, तिची खुर्ची रिकामी असताना या खोलीत तिच्याबद्दल काही ठरणार नाही. बाहेर तुम्ही ठरवलंत तर मी अडवू शकत नाही. म्हणजे तू आलीस तर तुझ्यासमोर ठरेल. नाही आलीस तर, बाबांचा स्वभाव तुला माहीत आहे, सोमवारी ते जाऊन नाव घालून येतील. हे मी तुला भीती घालायला लिहीत नाही. जसं आहे तसं लिहितोय, तुझ्यासारखं.

मी पत्र लिहितोय हे पाहून आई आली आणि म्हणाली, तिला लिही की... मी म्हणालो, आई, तूच फोन कर. ती चिडली. म्हणाली, त्या बाईंनी पोरं तोडली माझी. मग बाबा आले, खुर्चीमागे उभे राहून खाकरले आणि म्हणाले, लिहितोच आहेस तर एक ओळ माझी घाल. त्यांनाही नाही म्हणालो. थोड्या वेळाने त्यांनी मावशीचा नंबर मागितला. तो त्यांच्या फोनमध्ये कितीतरी वर्षांपासून आहे, पण मी पुन्हा लिहून दिला. करतील की नाही माहीत नाही. तेव्हा या पत्रात त्या दोघांच्या निरोपाचं एक अक्षरही नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे निरोप नेले, आणि आज स्वतःचा निरोप द्यायला बसलो तर काय लिहायचं ते सुचेना. शेवटी जे सुचलं ते एवढंच आहे. मला या घरात एकट्याला भीती वाटते. मला तू हवी आहेस. घरी राहायला येऊ नकोस हवं तर, फक्त शनिवारी त्या खोलीत ये आणि माझ्या शेजारी बस. हे पत्र स्वच्छ उतरवून काढायला मी नवा कागद घेतला होता, तो परत ठेवला. खाडाखोड आहे तशी राहू दे. शनिवारी सकाळी मी स्टँडवर येऊन थांबतो. तू उतरली नाहीस तर एकटाच बाईंकडे जाईन, आणि मिरी का आली नाही असं कुणी विचारलं, तर तुझ्या वतीने एकही बरं कारण देणार नाही.

तुझाच,
दादा