रिकाम्या खाचेतला सूर

चाचा, आज दुपारी तुमच्या पेटीतून तो सूर आला.

तुमचं पेटीदुरुस्तीचं दुकान हिंगोलीच्या हळद बाजाराला लागून होतं. कुठलीही पेटी उघडली की भात्यातून आधी पिवळी धूळ निघायची, मग आवाज. शाळा सुटली की मी तिथं येऊन बसायची. सूर तपासायला तुम्ही एकच ओळ वाजवायचात, दरवेळी तीच, आणि एका जागी थांबायचात. मीही ती तशीच शिकले. एकदा तुम्ही विचारलंत, "काहून थांबली?"

"तुमी थांबता ना तिथं."

ठसका लागेपर्यंत हसलात. "अगं येडे, ह्या पेटीचा तो सूर खराब हाय म्हणून थांबतो मी! गाणं कुठं थांबून राहिलं?"

"मग पुढं काय हाय?"

तुम्ही त्या सुराची पितळी पत्ती उपसून घासायच्या कानशीजवळ ठेवलीत. "उद्या. ही घासून बसवतो, मग ऐक."

तो उद्या आला नाही. तुम्ही गेल्यावर, चाळिसाव्या दिवशी, चाचींनी ती पेटी माझ्यापुढे ठेवली. "ले जा बेटा, तेरे वास्ते बनारे थे." पत्ती दुकानात कुठंच सापडली नाही.

पहिल्या संगीत नाटकाला चाल लावताना मी तीच ओळ घेतली. पुढचं येत नव्हतं, म्हणून रंगमंचावर गातागाता तिथंच थांबले, पेटीवरून हात उचलून. लोकांनी त्या थांबण्याला टाळ्या दिल्या. पेपरात कुणी त्याला माझी शैली म्हटलं. मी ते चालवून घेतलं. पुढच्या तिन्ही नाटकांत मी कुठं ना कुठं तशीच थांबले.

ते पहिलं नाटक उद्या इथं, हिंगोलीत आहे. आज तालमीत नेहमीच्या जागी मी हात उचलला. भाता मिटलेला होता. तरी सूर आला. स्वच्छ, नुकताच घासून बसवल्यासारखा. तबलजीनं मान डोलावली. "आज बराबर लावला, ताई. इतके दिवस काहून सोडून देत होत्या?"

सगळे चहाला गेल्यावर मी झाकण काढलं. त्या पत्तीची खाच रिकामीच होती. तिच्या काठावर पितळेचा कीस होता, ताजा, चमकणारा. फुंकर मारायचं धाडस झालं नाही.

त्या एका सुरामागून पुढची ओळ मला आपोआप कळली आहे. अवघड नाही. इतकी वर्षं कशी सुचली नाही, असं वाटावं इतकी साधी आहे. पण ती वाजवली की ते थांबणं माझं राहत नाही, आणि चालही; ती तुमची ठरते.

एखादा सूर आपोआप बोलत राहिला की तुम्ही त्याच्या पत्तीखाली कागदाची घडी सरकवायचात. "गप बस म्हणायचं त्याला," म्हणायचात. हे पत्र तसंही कुठं धाडणार? त्याची बारीक घडी करून मी त्या खाचेत बसवते आहे. उद्या मी तिथंच थांबणार आहे, चाचा.