न दिसलेली चौकट

प्रिय गंधार,

फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू दुसऱ्या वाक्यालाच ‘आई, टेन्शन घेऊ नकोस, मी बघतो’ म्हणतोस आणि माझं बोलणं तोंडातच राहतं. म्हणून हा मेल लिहायला बसले.

दिवाळीत माझी थट्टा केली होतीस, आठवतंय? लॅपटॉपवर साध्या बातम्या वाचायच्या तरी आधी ती कुकीजची चौकट यायची, परवानगी द्या म्हणून. मी चष्मा लावून अख्खी वाचायची आणि ‘नको’चं बटण शोधत बसायची. नोकरीत कधी न वाचता सही केली नाही, तीच खोड. तू हसलास आणि असल्या चौकटी दिसूच नयेत अशी सोय लॅपटॉपमध्ये करून दिलीस. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. कटकट गेली.

मग माझ्या घशात गाठ निघाली. तू बंगळूरहून धावत आलास, डॉक्टर शोधलेस, रिपोर्टही तूच बघितलेस. सगळ्या सोसायटीला तुझं कौतुक सांगत फिरले मी. काल मात्र हॉस्पिटलमधून फोन आला, गुरुवारी सकाळी उपाशीपोटी या. कशाला, विचारलं तर फोनवरची मुलगी गडबडलीच. स्वरयंत्र काढायचं ऑपरेशन आहे म्हणे, होकार तर मिळालाय.

अरे, कोणाचा होकार? तशीच शेजारी उत्कर्षाकडे गेले. तिच्या कॉम्प्युटरवर हॉस्पिटलच्या वेबसाइटवरचं माझं पान उघडलं, तर समोर चौकट: ऑपरेशननंतर आवाज जाईल, तुमची तयारी आहे का? माझ्या लॅपटॉपवर तुझ्या त्या सोयीनं कुकीजबरोबर हीसुद्धा गिळली होती. मी उत्तर देईना, म्हणून त्यांनी तुला विचारलं. तू हो म्हणालास, त्यावर तारीख ठरली. चौकट अडली ती मशीनची चूक, समजू शकते. पण मला एक फोन करायला काय धाड भरली होती तुला?

गंधार, मी घाबरलेय रे. मंडईत भाजीवालीशी हुज्जत घालायची, रिक्षावाल्याला दोन शब्द सुनावायचे, एवढंच तर उरलंय माझं. तुला मला घाबरवायचं नव्हतं, कळतं मला. पण माझा आवाज जाणार हे सगळ्यांना ठाऊक, आणि मलाच नाही?

आज डॉक्टरांसमोर बसून सगळं विचारून घेतलं. नाही काढलं तर वर्षभराचीही खात्री नाही म्हणाले. मी हो म्हटलं. माझं मी. आणि मी शुद्धीत नसताना कोणाला विचारायचं, तिथे हॉस्पिटलच्या फॉर्मवर तुझं नाव होतं, ते काढून उत्कर्षाचं घातलं. राग आला तर येऊ दे. तरी तू ये. बुधवारीच ये, रजा मिळत नाही वगैरे सांगू नकोस. स्वारगेटला उतरलास की सरळ घरी ये, माझ्यासमोर बस आणि मी बोलेन ते ऐक. गुरुवारनंतर मला तुला हाक मारता येणार नाही.

तुझीच,
आई