शेवटचा फर्मा

३० जून

बाईंना सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र गुरुवारी मिळालं. गुडघ्याचे टाके निघाले, भाची जिना चढू देत नाही आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही परत येताय, हे वाचून बरं वाटलं. मी ठीक आहे. दुकान चालू आहे. पुठ्ठा कापायचं यंत्र कुरकुरतं, तेल घातलं की गप्प बसतं.

तुम्ही लिहिलंय, ‘वर्ष अर्धं सरलं, आतापर्यंत काय वाचलंत ते कळवा, सहामाही परीक्षा समजा.’ शाळा सोडून तुम्हाला इतकी वर्षं झाली, तरी खोड जात नाही. असो. मी चौथीत शाळा सोडली, त्यामुळे सहामाही देऊन मलाही बरीच वर्षं झाली. देते.

पाच पुस्तकं झाली. सगळी तुम्ही आणून दिलेलीच. मधमाश्यांचं दोनदा वाचलं. पोळ्यात कोण काय काम करतं ते त्यात नीट सांगितलंय, कुणाच्या मनात काय चाललंय ते नाही, म्हणून आवडलं. नर्सच्या आठवणी वाचताना दोन ठिकाणी थांबावं लागलं. कुठल्या, ते तुम्हाला कळेल. ती अठ्ठावीस फर्म्यांची जाड कादंबरी अकराव्या फर्म्यात सोडली होती. त्यातले सगळे एकमेकांना फार समजून घेतात. मग तुम्ही विचाराल म्हणून पुरी केली. बोटीवरच्या स्वयंपाक्याचं छान आहे. गोष्टींचं पुस्तक बरं आहे, पण त्याची शिवण ढिली आहे. ती माझी नाही.

फर्म्यात मोजते म्हणून हसू नका. सोळा पानांची एक घडी म्हणजे एक फर्मा, आणि तीस वर्षं मी पुस्तकं तशीच ओळखली. फर्मे आकड्यांप्रमाणे लावायचे, सुई घालायची, दोरा ओढायचा. आत काय लिहिलंय ते बघायचं काम ह्यांचं. अक्षरं जुळवत सबंध पान वाचायला मी शिकले ते हे गेल्यावर. मार्चमध्ये दोन वर्षं झाली.

एक गोष्ट मात्र सहामाहीत लिहायला हवी. तुमचं कुठलंही पुस्तक उघडलं की तुम्ही आणि हे तिथून आत्ताच उठून गेलात असं वाटतं. बाकावर बसावं आणि बाक गरम लागावा, तसं. बोटीवरचा स्वयंपाकी मीठ समजून सोडा टाकतो, तिथे मी हसले आणि लगेच वाटलं, हे इथे हसले असणार, आणि बाईंना सांगून पुन्हा हसले असणार. मग पुढची दोन पानं वाचली, पण डोक्यात काही शिरलं नाही.

तुम्ही चांगल्या आहात. हे गेल्यावर महिन्याच्या महिन्याला माझ्याकडे कोण आलं? तुम्हीच. म्हणून हे लिहायला जड जातंय. पण हे असताना तुम्ही दुकानाची पायरी चढलात की माझ्या पोटात दुखायचं. वाईट काही नव्हतं, ते मला माहीत होतं. तुम्ही काउंटरच्या त्या बाजूला, हे ह्या बाजूला, मधे खळीचं भांडं. पण तासभर. “बाई, तो मेला ते बरंच झालं, फार बोलायचा.” “बाइंडर, तुम्हाला दयामाया नाही.” आणि मी आत चटईवर सुई घेऊन. कोण मेला ते मला कुणी सांगायचं नाही. तुम्ही गेल्यावर मी विचारायची, “काय म्हणत होत्या बाई?” हे म्हणायचे, “काही नाही गं, पुस्तकातलं.” पुस्तकातलं म्हणजे जणू परगावचं.

आता ते घड्याळजीचं पुस्तक. चौदा वर्षांपूर्वी तुम्ही रद्दीतून आणलं होतंत. कव्हर नाही, नाव नाही, पहिला फर्मा गेलेला, पान सतरापासून सुरू. तुम्ही म्हणालात, “आधी शिवून द्या, मग वाचते, नाहीतर पानं उडतील.” हे म्हणाले, “आधी मी वाचणार, मग देणार.” दोघंही असे हसलात की माझ्या बोटात सुई गेली.

शिवलं मी. एकशे शहात्तर पानापर्यंत.

शेवटचा फर्मा मी शिवला नाही, बाई. तो होता. मी तो दोन पुठ्ठ्यांच्या मधे घालून दोऱ्यांच्या पेटीत तळाशी ठेवला. ह्यांनी वाचत आणलं आणि हाक मारली, “अगं, पुढचा फर्मा कुठंय?” मी म्हटलं, “एवढंच आलं होतं. रद्दीतलं पुस्तक, आधीच गेला असेल.” ह्यांनी मान हलवली. माझ्या कामावर ह्यांनी कधी संशय घेतला नाही, हे आणखी एक ओझं.

मला वाटलं होतं, शेवटच नाही तर बोलणार कशावर? आणि झालं भलतंच. बाकीची पुस्तकं महिन्याभरात बोलून संपायची. हे एक बारा वर्षं पुरलं. गाव सोडून गेलेला घड्याळजी परत येतो की नाही? तुम्ही म्हणायचात येतो. हे म्हणायचे, तिकडेच दुकान थाटतो. मग कधी त्याला लॉटरी लागली, कधी तो आंधळा झाला, एकदा तर हे म्हणाले की तो त्या गावातल्या बाइंडरकडे नोकरीला राहतो. तुम्हाला बसायला स्टूल द्यावं लागलं, इतक्या हसलात. ते स्टूल मीच आणून दिलं. तुम्हाला दिलेली ती बारा वर्षं माझ्या हातची होती, आणि मी आत बसून ती ऐकत होते.

तो फर्मा गेल्या आठवड्यात वाचला. वर्षातलं सहावं वाचन म्हणा. एक दुपार लागली. मनात आलं, जे ह्यांना कळलं नाही, बाईंना कळलं नाही, ते आता एकटीला कळणार. खोटं कशाला सांगू, गोड वाटत होतं. शेवटच्या पानावर, एकशे ब्याण्णवला, वाक्य मधेच तुटतं. ‘दाराशी कोणी उभं आहे असं वाटून तिनं’, आणि पान संपतं. त्यापुढचा फर्मा खरंच रद्दीत गेलेला. मी तेव्हा ह्यांना जे खोटं सांगितलं ते निम्मं खरं निघालं.

दार कोणाचं, ती कोण, घड्याळजी कुठे पोचला, हे त्या सोळा पानांत आहे. मी ते इथे लिहिणार नाही.

कारण मला तुमच्याकडून एक हवंय. हे दवाखान्यात होते, जायच्या आधी तीन दिवस. मला औषधं आणायला खाली पाठवलं. परत आले तर पडद्याआडून तुमचं हसू ऐकू आलं आणि ह्यांचा आवाज, “बाई, हा शेवट मला फार उशिरा सुचला.” मी आत आले तसे दोघं गप्प. मी विचारलं, “काय झालं?” हे म्हणाले, “काही नाही, घड्याळजी.” त्यानंतर हे माझ्याशी पाण्याबद्दल बोलले, उशीबद्दल बोलले. तो शेवट काय होता, ते दोन वर्षं मी तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही आपणहून सांगितलं नाहीत. विसरलात असं म्हणू नका.

फर्मा पोस्टानं पाठवत नाही. अर्धा पाठवता येत नाही आणि पुरा पाठवायला मन होत नाही. तुमच्याकडचं ते पुस्तक घेऊन तुम्हीच या. सोमवारी या, दुकान बंद असतं, मधे कोणी येणार नाही. जुनी शिवण उसवून नवीन फर्मा घालायला मला पाऊण तास लागतो. तेवढ्या वेळात तुम्ही मला ते सांगायचं, ह्यांनी सांगितलं होतं तसं, ह्यांच्याच शब्दांत. मधे तुमचं काही घालायचं नाही. मग तुम्ही सोळा पानं वाचा. पुढे काय झालं असेल त्याचा माझाही एक अंदाज आहे. मला कधी कुणी विचारला नव्हता.

रागावलात तर येऊ नका, पण पुस्तक भाचीबरोबर पाठवा. ते पुरं करून द्यायचं काम माझ्याकडे राहिलंय, ते मी करणारच.

‘आपली’ लिहून सही करणार होते. ते सोमवारनंतर बघू.

बाइंडरची बायको