खंजिरावरची अक्षरं

४ जानेवारी

चि. बापूस,
अ. उ. आ. (रीत म्हणून लिहिते. आज मनातून एकही निघत नाही.)

काल डोळ्याची पट्टी कायमची निघाली. घरी आले ती तडक कामाच्या टेबलापाशी गेले. तुझी चिठ्ठी होती, ताईसाठी गंमत म्हणून. फडकं उलगडलं तर बाबांचा स्पॅनिश खंजीर आरशासारखा चकाकत होता. पॉलिश करायच्या बफिंगच्या चाकावर धरलास तू तो!

अरे शहाण्या, अकरा महिने मी त्या पात्यावरचा गंज तेलाने आणि लाकडी काडीने टिपत होते. मुठीजवळ कुणीतरी चारशे वर्षांपूर्वी बारीक अक्षरं कोरली होती. पहिला शब्द लागला, पुढचे भिंगातूनही दिसेनात. ते वाचायचे म्हणून तर डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. आता डोळा आहे, अक्षरं नाहीत. बोट फिरवून पाहिलं. सपाट!

महिनाअखेरीस तो प्रदर्शनात मांडायचाय; तिथल्या बाईंना कुठल्या तोंडाने सांगू? उत्तर पाठवू नकोस.

तुझी (नाइलाजाने) ताई

११ जानेवारी

ती. ताईस,
बापूचा शि. सा. न.

पाठवू नकोस म्हणालीस, म्हणूनच पाठवतोय.

अक्षरं आहेत हे मला कधी सांगितलंस? बाबांचा संग्रह तुझ्या हाती आल्यापासून मला त्या खोलीच्या दारातच उभं करतेस. हात लावू नको, जोरात श्वास सोडू नको! तीन आठवडे रजा काढून दिवसातून चारदा तुझ्या डोळ्यात थेंब घातले, तेव्हाही गप्पा माझ्या सुटलेल्या पोटाच्या. पट्टी निघाल्यावर तुला काहीतरी लखलखीत दिसावं, एवढीच माझी अक्कल चालली. चूक माझीच. पण थोडी तुझ्या कुलपाचीही.

खंजीर लपवू नकोस. पाटीवर लिही की हे भावाने केलं. मी येऊन शेजारी उभा राहीन, विचारेल त्याला सांगेन.

शिव्या दे, पण लोभ तोडू नकोस.

बापू

३० जानेवारी

चि. बापूस,
अ. उ. आ.

खंजीर पालथा ठेवू या, असं बाई म्हणत होत्या. मी साफ नाही म्हटलं. तू आलास, आणि मी दिवसभर खांबाआडून ऐकत होते. सकाळी तू सगळं चाकावर ढकलत होतास. दुपारी तुझ्या बोलण्यातून चाक गळालं. संध्याकाळी नुसतं, मी घालवलं, एवढंच उरलं.

त्या जाड्या संग्राहकाने तुला चारचौघांत अडाणी म्हटलं, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. माझ्या भावाला शिव्या घालायचा हक्क फक्त माझा आहे, हे त्याला ठणकावलं ते तू ऐकलंसच. मग एका बाईंनी विचारलं, काय लिहिलं होतं. तू माझ्याकडे पाहिलंस. मला माहीत नाही, असं म्हणणार होते. तोंडून गेलं, आम्हाला माहीत नाही.

भलता अर्थ काढू नकोस. राग आहे, आणि राहील. पण शनिवारी ये. म्यानात गंजून अडकलेला एक खंजीर आलाय. तो सोडवायला दोन माणसं लागतात, आणि घाई अजिबात चालत नाही. चाकाची वायर मी कापून टाकली आहे.

येताना नखं कापून ये.

ताई