दोघांपुरती जागा

शनिवार, दुपार

प्रिय वन्सं,

नमस्कार. गुडघा कसा आहे? लग्नाला येता येत नाही म्हणून कळवताना तुम्ही पत्रात उजवा लिहिलात आणि आमच्या छापखान्यातल्या बाइंडरबाईंना फोनवर डावा सांगितलात, म्हणून दोन्हींची चौकशी करते. सवयच वाईट. दोन प्रतींत फरक दिसला की डोळा तिथेच अडतो.

इकडे सगळं ठीक आहे. लग्न कचेरीत झालं, सह्यांना अकरा मिनिटं लागली. वाचताना घोटाळा नको म्हणून आधीच सांगते: या पत्रात ‘हे’ म्हटलं की तुमचा भाऊ. एकोणीस वर्षांची सवय, ते गेल्यावर सहा वर्षांतही सुटलेली नाही. आताच्यांना मी ‘लिफ्टवाले’ म्हणते. अख्खी गल्ली म्हणते, मीच काय वेगळं म्हणणार?

तर लिफ्टवाले आणि मी फिरायला निघालो आहोत. नवी जोडपी जातात तसं, तीन दिवस. येत्या शुक्रवारी सकाळी निघायचं, रविवारी परत. मी पन्नाशीला टेकलेली, ते त्रेपन्नचे. गणिताच्या बाई, तुमची भुवई वर गेलेली मला इथून दिसते आहे.

लिफ्टवाल्यांचं ठरवणं बघण्यासारखं असतं. माणूस जन्मभर लोकांना वरखाली नेणाऱ्या पेट्या दुरुस्त करत आला, त्याला आडवं जायला मिळणार म्हटल्यावर उत्साह आवरत नाही. हॉटेलला पत्र लिहिलं, त्यात खोलीबद्दल एक अक्षर नाही. लिफ्ट कुठली आहे ते विचारलं. जाळीच्या सरकत्या दाराची, जुनी, सावकाश चढणारी लिफ्ट आहे असं उत्तर आलं, ते त्यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. म्हणाले, ‘तिसऱ्या मजल्यावर जायला हिला सव्वा मिनिट लागेल. सव्वा मिनिट आपल्याला कोणी काही विचारणार नाही.’

संध्याकाळी कामावरून आलो की पलंगावर नकाशा पसरतो. मी उशीला टेकून बसते आणि ते अंगठ्याने चालत जातात. स्टेशन, घड्याळाचा मनोरा, पोस्ट, मग उतार, मग नदी. उतारावर त्यांचा अंगठा आपोआप सावकाश होतो. खिडकीतलं ऊन नकाशाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला जातं, बाहेर कोणी सायकलची घंटी वाजवतं, कुकरची शिट्टी होते, आणि तासभर आम्ही दोघं त्या खोलीत नसतोच. मनातले मांडे खायचे तर हात कशाला आखडा, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस पडला तर कुठल्या कमानीखाली थांबायचं, इथपर्यंत त्यांनी ठरवून ठेवलं आहे.

शहर कुठलं ते तुम्ही ओळखलं असेल. नदीवर सात कमानींचा पूल आहे ते. लिफ्टवाल्यांना रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात त्या शहराची माहिती देणारं एक पुस्तक सापडलं, निळ्या पुठ्ठ्याचं, तिसरी आवृत्ती. त्यावरून त्यांनी बेत केला. ते आमच्याच छापखान्याचं आहे हे त्यांनी पाहिलं, पण त्याची प्रूफं कोणी वाचली हे पुस्तकावर कुठे छापलेलं नसतं.

आम्ही वाचली होती. तिन्ही आवृत्त्यांची. पहिली आली तेव्हा आमचं लग्न होऊन तीन आठवडे झाले होते. छापखान्यातून येताना यांनी कागद घरीच आणले. हे मूळ मजकूर मोठ्याने वाचायचे आणि मी पेन्सिल घेऊन छापील कागदावर डोळा ठेवायची. विरामचिन्हांसकट वाचावं लागतं, नाहीतर चुका सापडत नाहीत. ‘नदीकाठचा रस्ता स्वल्पविराम दिवे लागल्यावर स्वल्पविराम पायी फिरण्याजोगा आहे पूर्णविराम.’ पूर्णविरामसुद्धा कोणी इतक्या मायेने म्हणू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. वन्सं, मी तेव्हाच प्रेमात पडले. लग्न आधी झालं होतं, एवढंच.

आता कबुलीचं. पंधरा दिवसांपूर्वी लिफ्टवाले नकाशावर पोस्ट शोधत होते आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘पोस्टावरून डावीकडे वळा, दोन पायऱ्या चढून कॉफीचं दुकान आहे, त्याच्या बाजूने उतार लागतो.’ त्यांनी वर बघितलं. ‘गेली आहेस?’ मी म्हटलं, हो.

का म्हटलं, देवाला ठाऊक. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्यांना आनंद झाला, म्हणाले, मग तूच वाटाड्या. त्यानंतर रोज एक नवं खोटं. खिडकीतून नदी दिसते का? दिसते. मनोऱ्याचे ठोके झोपेत त्रास देतात का? सवय होते. सगळं पुस्तकातलं, आणि ते असे डोळे मिटून ऐकत, की मलाही खरं वाटायला लागायचं.

परवा मात्र त्यांनी एकशेबारावं पान उघडलं. तिथे एका ओळीभोवती त्यांनी पेन्सिलने गोल केला होता. ‘पुलाच्या चौथ्या कमानीखाली पाण्यालगत एक दगडी बाक आहे. त्यावर दोघांपुरतीच जागा आहे.’ म्हणाले, पहिल्या संध्याकाळी इथेच बसायचं. मग म्हणाले, ‘तुला तिथे त्यांची आठवण येणार. साहजिक आहे. जड जाणार असेल तर आपण दुसरीकडे जाऊ. तिकिटं बदलता येतात.’

वन्सं, तो बाक नाही. तिसऱ्या आवृत्तीत त्या पानाच्या शेवटी दोन ओळींची जागा रिकामी राहत होती आणि मालक म्हणाले होते, काहीतरी घालून भरा. हे वाचत होते, सरळ चेहऱ्याने, पूर्णविरामासकट, आणि मजकूर पाठ असल्यामुळे मला कळलं, माझ्यापुढे छापलेली ही ओळ मूळ हस्तलिखितात नाही, यांनीच घातली आहे. मी खूण करायला हवी होती. मी मान वर केली, हे कागदाकडेच बघत होते, कान तेवढे लाल. मी खाली ‘बरोबर’ असं लिहिलं. इतक्या वर्षांच्या कामात जाणूनबुजून सोडलेली माझी ती एकच चूक.

ती चूक लिफ्टवाल्यांनी पेन्सिलने गोल करून माझ्यासमोर ठेवली, आणि वर माझ्या मनाची काळजी केली, तेव्हा मला राहवेना. सांगून टाकलं. बाक नाही, मी तिथे कधी गेलेली नाही, आम्ही कोणीच कधी गेलो नाही. ते बराच वेळ नकाशाची घडी सरळ करत बसले. रागावले नाहीत. ‘बरं,’ म्हणाले, ‘मग चौथ्या कमानीखाली उभं राहू.’ आणि मग तो प्रश्न आला, ज्याच्यासाठी हे पत्र आहे. ‘एवढं पाठ होतं, तर गेला का नाहीत?’

मी म्हटलं, ते माझ्या एकटीचं नाही. एका व्यक्तीला विचारून सांगते.

तुम्हाला ते माहीत नसेल, म्हणून लिहिते, आणि दोष द्यायला लिहीत नाही हे आधी वाचा. पंचवीस वर्षांपूर्वी एका शुक्रवारी आमची बॅग भरलेली होती. पहिल्या आवृत्तीचे कागद छापखान्यात देऊन यांनी तीन दिवस सुट्टी काढली होती. साडेआठला दार वाजलं आणि तुम्ही उभ्या होतात, ट्रंक घेऊन, सासरच्या त्या घरातून कायमच्या निघून आलेल्या. यांनी बॅग पलंगाखाली सरकवली. तुम्ही विचारलंत, आज दोघं घरी कसे, तर मी म्हटलं, घर रंगवायला सुट्टी काढली आहे.

मग खरंच रंगवावं लागलं. तीन दिवस, फिकट हिरवा. तुम्ही आतल्या खोलीत झोपलेल्या असायचात आणि हे शिडीवरून हलक्या आवाजात मला शहर सांगायचे. ‘डाव्या हाताला घड्याळाचा मनोरा स्वल्पविराम.’ मी खाली डबा धरून उभी. केसांत रंग, आणि उन्हाने भरलेली ती अर्धी हिरवी भिंत. मला तेव्हा वाईट वाटत नव्हतं, शपथेवर सांगते. वाटलं, पुढच्या महिन्यात जाऊ. तुम्ही आठ महिने राहिलात, मग सासूबाईंचे डोळे, मग दुसरी आवृत्ती, मग तिसरी. मग तर हेच नाहीत.

लिफ्टवाल्यांना हे सांगायचं तर तुमचं घर सोडणं त्यात येतं. ते तुमचं आहे. न सांगता गेले तर त्यांच्याबरोबर चालताना मी दुसऱ्याच कोणाबरोबर चालते आहे असं त्यांना वाटत राहील, आणि ते विचारणार नाहीत, तसा माणूस नाही. मला खऱ्या मनाने जायचं आहे. म्हणून विचारते, सांगू का?

फोनवर तुम्ही फक्त ‘बरं’ म्हणता, म्हणून पत्र. गुरुवारपर्यंत उत्तर आलं नाही तर तुमचा नकार समजेन आणि लग्नाला न येण्याचं कारणही तेच समजेन.

उत्तराची वाट बघत,
तुम्ही मानाल तोवर तुमची भावजय


मंगळवार, सकाळ

पेन्सिलबाई,

माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही. ना उजव्या, ना डाव्या.

सांग त्यांना. विचारलंस हे बरं केलंस, कारण तुला यातलं अर्धंच माहीत आहे. तेवढंच सांगितलं असतंस तर मी फुकटची भोळी ठरले असते.

त्या शुक्रवारी दार उघडून तुझा नवरा घाईघाईने पलंगाकडे वळला, तेव्हा मी खोली बघून घेतली. बॅगेचा पट्टा पलंगाखालून बाहेर राहिला होता. कपाटावर घड्याळाशेजारी दोन तिकिटं होती, दहा चाळीसच्या गाडीची. अंक मला लांबूनही वाचता येतात, पोट त्यावरच भरलं आहे. तू म्हणालीस, घर रंगवायचं आहे. मी विचारलं, कोणता रंग?

एक वाक्य म्हणायचं होतं. ‘तुम्ही जा, तीन दिवस मी घर सांभाळते.’ तुम्ही किल्ली ठेवून गेला असता. ते वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. पण मला रिकाम्या घराची भीती वाटत होती, म्हणून मी ते गिळलं आणि घड्याळाकडे बघत बसले. साडेनऊ झाले, दहा झाले. तू चहा दिलास, तो प्यायला गेला नाही. दहा चाळीस झाले आणि मला भूक लागली. दोन दिवस पोटात अन्न नव्हतं. तू वाढत गेलीस आणि मी जेवत गेले. इतकं पोटभर मी आधी कधी जेवले नव्हते, नंतरही नाही.

आतल्या खोलीत मी झोपलेली नसायची. मनोरा, पोस्ट, उतार, मलाही सगळं पाठ आहे. तो शिडीवरून बोलायचा आणि मी भिंतीकडे तोंड करून ऐकायची. पुढच्या महिन्यात जातील, असं मलाही वाटायचं. तो गेला तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं, की ते राहिलं. तुला सांगणार होते. तू रडत होतीस, आणि मला धीर झाला नाही.

तुझ्या लग्नाचा मला राग नाही. राग कसला? तू आता कुठेतरी फिरायला निघणार हे मला दिसत होतं, आणि तुला बॅग भरताना बघायची मला लाज वाटली. म्हणून गुडघा.

बाकाचं मला माहीत नव्हतं. आमचा गाढव इतका रसिक होता, आणि मला राख्यांशिवाय काही कळलं नाही.

लिफ्टवाल्यांना मी काय म्हणायचं ते सुचत नाही. भावजयीच्या नवऱ्याला माणूस भाऊ म्हणतो, कारण तो भाऊच असतो. या गृहस्थांना आपल्याकडे शब्दच नाही. पुढच्या आठवड्यात दोघं जेवायला या, त्यांनाच विचारते काय चालेल. आणि कमानीखाली उभं राहायचं म्हणाले ते मला आवडलं, हे त्यांना सांग. तिथे गेल्यावर मात्र पुस्तक पिशवीतून काढू नकोस. दुकान पुस्तकात सांगितलंय तिथे नसेल, मनोरा बुटका निघेल. निघू दे. त्यांना वाट विचारू दे, चुकू दे, आणि तूही त्यांच्याबरोबर चूक.

आता शेवटचं, आणि हे नीट ऐक. शुक्रवारी सकाळी कोणी दार वाजवलं तर उघडू नकोस. मी असले तरी उघडू नकोस.

तुझीच,
वन्सं